चौदा माणसांचा शब्द

आमच्या खोलीला खिडकी एकच होती आणि तिच्यातून आभाळ दिसत नसे, पाय दिसत. रेल्वेची चाळ रुळांच्या बांधालगत पुरुषभर खाली बांधलेली, त्यामुळे खिडकीशी उभं राहिलं की नजर नेमकी रुळांकाठच्या खडीवर जायची. रोज सकाळी त्या चौकटीतून अठ्ठावीस पाय ओळीनं जात... गुडघ्याच्या वर माणूस नाही, फक्त धुकं, आणि धुक्याखाली काळ्या, सुकट, शिरा उठलेल्या पोटऱ्या, त्यांवर जळवांचे जुने डाग, टायरच्या नव्हे तर म्हशीच्या कातड्याच्या जाड वहाणा आणि त्यांच्याखाली करकरणारी खडी. पायांवरून मी माणसं ओळखायची. सर्वांत पुढचे, किंचित फेंगडे, ते माझ्या वडिलांचे — आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते गँगचे मुकादम. सर्वांत मागचे सडपातळ पाय भिवाभाऊंचे आणि त्यांच्या उजवीकडचे, डावं पाऊल थोडं बाहेर टाकणारे, गणूकाकाचे. आई चुलीपाशी बसूनच विचारायची, "गेली का गं गँग?" आणि मी म्हणायची, "गेली."

मला कळायला लागल्यापासूनचा हा शब्द. लोणावळ्याच्या शाळेत इंग्रजीची पहिली चोपडी हाती येण्याच्या कितीतरी आधी तो माझ्या जिभेवर होता आणि तो इंग्रजी आहे हे मला कुणी सांगितलं असतं तर मी भांडले असते. घर, चूल, गाय तसा गँग. तेलाची बाटली, डांबराचा आणि रुळांखालच्या लाकडी सिलेपाटांचा उग्र वास, ओल्या घोंगड्या वाळत घातल्यावर त्यांच्यातून निघणारी वाफ, आणि रूळ उचलताना घाटात दूरवर घुमणारी ती एकसुरी हाळी... हे सगळं मिळून गँग. आईच्या लेखी गँग म्हणजे भाकऱ्या. "आज गँगला खालच्या पुलावर काम हाय," ती म्हणायची, याचा अर्थ दुपारची टोपली घेऊन मला लांब चालावं लागणार. आबांच्या लेखी गँग म्हणजे घाटातली तीन मैलांची वाट, जिच्यातला कुठला दगड काल हलला होता हे ते झोपेतही सांगू शकले असते. आणि साहेबांच्या लेखी? साहेबांच्या वहीत गँगचा एक नंबर होता. त्याखाली आधी लिहिलेल्या असत पहारी, फावडी, घमेली, बावटे. माणसांची नावं त्यानंतर.

त्या वहीचीच ही गोष्ट आहे, म्हणून आणखी एक सांगून ठेवते. आमच्या गँगमधली सगळी माणसं मावळातली, कुरवंड्याची, आसपासच्या वाड्यांची. नोकरी रेल्वेची, पण जीव वावरात. आषाढ लागला, रोपं टीचभर वर आली, की भातलावणी तोंडावर यायची आणि नेमकं तेव्हाच घाटात दरडींचं भय म्हणून साहेबांची सक्त ताकीद असायची, एकालाही रजा नाही. आता लावणी काय साहेबाच्या हुकमासाठी थांबते? आठ दिवस चुकले की वर्ष चुकलं. तेव्हा गँगनं आपली एक रीत पाडली होती. रोज एकाची पाळी. ज्याची पाळी, तो आपल्या वावरात जायचा, आणि सकाळी आबा हजेरी पुकारायला लागले की त्याच्या नावाला त्याचा डावीकडचा माणूस "हाय" म्हणायचा. आबा वहीत रेघ ओढायचे. त्याच्या वाटणीची खडी बाकीचे तेरा जण ठोकायचे, पण ओळीत त्याची जागा मोकळी ठेवून. दोन माणसं सरकून ती जागा भरत नसत. दुसऱ्या दिवशी तो परत यायचा तो पंचाभर खेकडे किंवा टाकळ्याची भाजी घेऊन. हे सगळं चाळीतल्या पोराटोरांना ठाऊक आणि चाळीबाहेर एका चिटपाखराला नाही. "गँगची गोष्ट गँगमधी," आई बजावायची. साहेबांपुढे तोंडात मूग धरायचे हे आम्ही बाराखडीच्या आधी शिकलो.

त्या दिवशी पाळी गणूकाकाची होती. मी दहा वर्षांची असेन. रात्रभर कोसळून पहाटे पाऊस जरा मंदावला होता, पण धुकं असं की विजेच्या तारांचे खांबसुद्धा तीन-चारच दिसत. सकाळी खिडकीतून मी पाय मोजले तर ते पुरते अठ्ठावीस भरले. गणूकाका गेला नव्हता. माथ्यावर, बोगद्याच्या तोंडाशी काम अवघड, म्हणून तो म्हणाला होता, "येवढी दुपारपातुर खडी मारतो अन् मंग जातो." हजेरीला मात्र भिवाभाऊ त्याच्यासाठी "हाय" म्हणून मोकळे झाले होते, पाळी होती ना त्याची.

दुपारी टोपली डोक्यावर घेऊन मी रुळांकाठच्या वाटेनं निघाले. ओढ्याच्या अलीकडे थबकले, टोपली सावरली. पलीकडच्या उतारावरून, कुरवंड्याच्या वाटेला लागणाऱ्या गवतातून एक इरलं खाली चाललं होतं. पळसाच्या पानांचं, बांबूच्या काड्यांचं ते पाठीवरचं छप्पर — त्याखाली बाई आहे की बाप्या, म्हातारा आहे की पोर, देवालाही कळायचं नाही. गवत कमरेइतकं, पाय दिसत नव्हते. मी पाहिलं आणि पुढे चालू लागले. मग आवाज झाला. आधी वाटलं खालून गाडी येतेय. पण गाडीचा आवाज येतो आणि जातो. हा नुसता येतच राहिला आणि पायाखालची खडी थरथरू लागली. टोपली टाकून मी पळाले नाही, हे मला आजही नवल वाटतं. ती दोन्ही हातांनी घट्ट धरून तशीच उभी राहिले.

पोहोचले तेव्हा बोगद्याचं तोंड अर्धं बुजलेलं होतं. लाल माती, ओंडके, घराएवढाले काळे दगड. एका दगडावर एक हिरवं झुडूप जसंच्या तसं उभं होतं, फुलांसकट. दोन्ही बाजूंना लाल बावटे लागले होते. आबांनी शिट्टी वाजवताच माणसं उधळली होती आणि आता धुक्यातून एकेक परत येऊन ओळीत उभी राहत होती, चिखलानं माखलेली, कुणाचं कपाळ फुटलेलं. आबा हजेरी पुकारू लागले. वही नव्हती, तोंडपाठ. प्रत्येक नावानंतर "हाय" येत होतं आणि प्रत्येक "हाय"सरशी आबांचे खांदे जरा सैल पडत होते.

"गणपत."

"हाय," भिवाभाऊ म्हणाले.

सवयीनं म्हणाले. सकाळी म्हणाले होते, गणूच्या गेल्या पाळीला म्हणाले होते, दरवर्षीचं म्हणणं ते. तोंडातून निघून गेलं. आबांनी पुढची नावं घेतली, हजेरी पुरी झाली आणि तेवढ्यात खालून साहेबांची ढकलट्रॉली आली. साहेबांनी उतरता उतरताच विचारलं, "मुकादम, गँग पुरा है?" आबा म्हणाले, "पुरा है, साब." आणि मग त्यांची नजर ओळीवर गेली. भिवाभाऊंच्या उजवीकडे एक जागा मोकळी होती. कुणी ती भरली नव्हती, सवयीनंच.

भिवाभाऊंचा चेहरा मी विसरू शकत नाही. ते स्वतःच्या तोंडाकडे, जणू ते दुसऱ्या कुणाचं असावं तसे, हात नेत होते.

साहेब बोटानं मोजत होते. तेरा. वहीत चौदा. "एक आदमी किधर है?" गणूकाका गेला होता की नाही हे खरंच कुणाला माहीत नव्हतं. दरड येण्याआधी जरा वेळ त्यानं "जाऊ का रं?" असं विचारलं होतं, भिवाभाऊंनी "जा की" म्हटलं होतं, आणि धुक्यात तो कुठल्या क्षणी दिसेनासा झाला ते कुणी पाहिलं नव्हतं. त्याची वाट जात होती बोगद्याच्या तोंडाशेजारून, त्याच कड्याखालून.

साहेब वाईट माणूस नव्हता, आणि हीच अडचण होती. वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं. त्यानं टोपी काढून ट्रॉलीवर ठेवली, कोट काढला, आणि "मेरा आदमी नीचे है," असं म्हणत तो स्वतः दगड उचलू लागला. तेरा माणसं मागोमाग धावली. वरून माती गळत होती. थांबत होती, पुन्हा गळत होती. मुठीएवढे दगड टपटप येऊन पडत आणि प्रत्येकाचा हात तेवढ्यापुरता थांबून वर बघे. घाटात जन्म काढलेल्या त्या माणसांना हा आवाज कळत होता: कडा अजून बसला नव्हता. आणखी येणार होतं.

आता आबांपुढचा पेच बघा. गणू लावणीला गेलाय असं सांगावं, तर हजेरी खोटी ठरते; मुकादमी जाते, खोली जाते, गणूची नोकरी जाते, वर्षानुवर्षांची रीत उघडी पडते. न सांगावं, तर एका नसलेल्या माणसासाठी तेरा माणसं त्या कड्याखाली उभी. आणि तो असला तर? खालीच असला तर?

आबा माझ्यापाशी आले. टोपली अजून माझ्या डोक्यावरच होती. त्यांनी ती उतरवून खाली ठेवली. "यमे, येताना वाटंला गणूकाका दिसला का?"

त्यांच्या पाठीमागे माणसांचे हात थांबले होते. तेरा चेहरे माझ्याकडे वळले होते आणि त्या चेहऱ्यांना एकच उत्तर हवं होतं, हे दहा वर्षांच्या पोरीलाही समजत होतं. मी मान खाली घातली. मी म्हटलं, "व्हय. कुरवंड्याच्या वाटंला. खाली चालला हुता."

आबांनी एकदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग साहेबांकडे वळून त्यांनी मोडक्या हिंदुस्थानीत सगळं सांगितलं — हजेरी खोटी, आज गणपत नाही, आणि हे आजचं नाही, दरवर्षीचं आहे, आणि दोष गँगचा नाही, माझा. साहेब ऐकत राहिले. त्यांच्या बोटांमधून रक्त येत होतं. ते काही ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "सब पीछे." सगळी माणसं खांबापलीकडे मागे आली. भिवाभाऊंना कुरवंड्याला पिटाळलं. जाऊन यायला दोन तास तरी हवेत. आणि सारे पावसात बसून राहिले.

घटका झाली नसेल, पुन्हा आवाज झाला. पहिल्याएवढा नाही. जिथे ते मघाशी वाकून उभे होते, नेमकं तिथे नवी माती येऊन पसरली. ते फुलांचं झुडूप दिसेनासं झालं. कुणीतरी "आई भवानी" म्हणालं. कुणीतरी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाला, "पोरीनं वाचवलं गं बाय." आणि तो हात माझ्या डोक्यावर असतानाच मला ते इरलं पुन्हा दिसलं, त्याखाली नसलेलं तोंड दिसलं. मी कुणाला पाहिलं होतं? इरलं पाहिलं होतं. त्या दिवसांत मावळात घरटी तीन इरली होती.

मी बसून राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. मी मनातल्या मनात गणूकाकाला गवतातून उतरवत होते, त्याचं डावं पाऊल बाहेर टाकत होते, पुन्हा पुन्हा... आणि प्रत्येक वेळी गवत कमरेइतकं उंच होत होतं. शेवटी मी आबांजवळ सरकले आणि त्यांच्या कानाशी म्हटलं, "आबा, म्या तोंड न्हाई पाह्यलं. इरलंच पाह्यलं."

त्यांनी मला मारलं नाही, रागावलेही नाहीत. डोळे मिटले, उघडले. मग उठून पहार घेतली आणि ते त्या ढिगाऱ्याकडे चालू लागले. त्यांनी कुणाला बोलावलं नाही. पण एक उठला, त्याच्यामागे दुसरा. साहेब "रुको" म्हणून ओरडले. कुणी वळून पाहिलं नाही. बारा माणसं त्या कड्याखाली परत गेली, ओळीनं, सकाळी जात तशी. मग साहेबही गेले. मी एकटी खांबापाशी उरले. वर कड्याकडे बघायची हिंमत होत नव्हती म्हणून त्यांच्या पायांकडे बघत राहिले.

त्यांनी खोदलं. कड्यानं त्यांना खोदू दिलं, एवढंच म्हणता येईल. भाकऱ्या टोपलीतच भिजून लगदा झाल्या होत्या तेव्हा कुरवंड्याच्या वाटेनं दोन माणसं धावत आली. पुढे भिवाभाऊ, आणि मागे मांड्यांपर्यंत चिखलानं भरलेला गणूकाका, हातात रोपांची मूठ तशीच. टाकायची राहून गेली होती. मग कुणीतरी त्याला एक शिवी हासडली, इतकी मनापासून की सगळे हसत सुटले, साहेबसुद्धा, आणि गणूकाका भांबावून "काय झालं रं?" विचारत राहिला. आबा तेवढे हसले नाहीत. ते बाजूला जाऊन पावसात हात धूत होते, कितीतरी वेळ.

पुढचं व्हायचं ते झालं. आबांची मुकादमी गेली, ती भिवाभाऊंना मिळाली. साहेबांनी वर काय लिहिलं देव जाणे, पण कुणाची नोकरी गेली नाही. आबा साधे गँगमन झाले आणि आम्ही चाळीच्या टोकाच्या खोलीत, त्या खिडकीविना, राहायला गेलो. गणूकाका मात्र आबांना देवासारखा मानू लागला. माझ्यापायी यांनी रिकाम्या मातीत जीव घातला, असं तो येईल त्याला ऐकवायचा. दरवर्षी सुगी झाली की नव्या भाताची पहिली पायली तो आमच्याकडे आणून टाकायचा. आबा त्या तांदळाचं शीत तोंडात घालत नसत. "पोट बरं न्हाई," म्हणायचे आणि नाचणीची भाकरी मागून घ्यायचे. पोट दरवर्षी त्याच आठवड्यात कसं बिघडतं, असं आई पुटपुटायची.

मी पुढे तळेगावला मामांकडे शिकायला राहिले. मामा शिक्षक. एकदा वर्गात इंग्रजीच्या धड्यात दरोडेखोरांची एक 'गँग' आली आणि मास्तरांनी अर्थ सांगितला, टोळी, बदमाशांची. मी उभी राहून म्हटलं, "नाही मास्तर, गँग रूळ दुरुस्त करते." वर्ग हसला. मास्तरही हसले. मी इतकी चिडले की मामांच्या शाळेतला जाडजूड इंग्रजी शब्दकोश उघडायला मिळेपर्यंत मला चैन पडेना. आणि मिळाला तेव्हा वाचता आला नाही, इतकी त्याची अक्षरं बारीक होती. पुढे स्वतः इंग्रजी शिकवू लागल्यावर तो सावकाश वाचला. त्या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ चालणं. नुसतं चालणं, वाटेनं जाणं. मग एका खेपेत नेता येईल तेवढं सामान. मग अवजारांचा संच. मग ती अवजारं धरणारी माणसं — साहेबांच्या वहीत अवजारं आधी आणि माणसं मागून होती, ती चूक साहेबाची नव्हती तर. भाषेचाच तो क्रम होता. आणि सर्वांत शेवटी चोर, दरोडेखोर, मास्तरांची टोळी. मुळाशी एक फार जुना धातू आणि त्याचा आपल्याकडचा नातलग म्हणून संस्कृतातला शब्द दिलेला होता: जङ्घा. पोटरी. मी पुस्तक मिटून ठेवलं. मला रडू आलं, आणि ते लाजेचं नव्हतं.

हे आबांना सांगायचं म्हणून त्या सुटीत मी गावी गेले. युद्धाचे दिवस होते, घासलेट मिळत नव्हतं. आबा काम सोडून घरी बसले होते, पाय सुजलेले. गणूकाका तिथेच होता, रोजच असायचा. तो चुना आणायला शेजारी गेला तेव्हा दुपारच्या उन्हात अंगणात आम्ही दोघंच उरलो. मी त्यांच्या पोटऱ्यांना तेल लावत होते आणि शब्दाची गोष्ट सांगत होते. गँग म्हणजे सोबतीनं चालणारी माणसं, आबा. चोर नव्हेत. त्या दिवशी तुम्ही उठलात आणि सगळे तुमच्यामागून आले, तसं.

त्यांनी दुसरा पाय पुढे केला. मग म्हणाले, "यमे, तू तोंड पाह्यलं न्हाई, ते मला तवाच कळलं हुतं."

"तवाच? कधी?"

"तू व्हय म्हनलीस तवाच. असल्या पावसात जो तो इरल्याखाली, तोंड दिसतंय व्हय कुनाला? अन् तू खाली बघून बोललीस."

"मग साहेबाला का सांगितलंत?"

"तेरा मान्सं हुती. माती गळत हुती." ते अंगणाबाहेरच्या वाटेकडे बघत होते. "गणू खाली असला तर असला, म्हनलं. म्या सोडला त्याला. तुझ्या शब्दाआड लपून सोडला. तू पुन्ना कानाशी येऊन बोलली नसतीस, तर म्या उठलो नसतो."

मी म्हटलं, तुम्ही बरोबरच केलंत, तेरा वाचले. मी म्हटलं, तो खाली नव्हताच. मी शिक्षिका होते, मला पुष्कळ बोलता येत होतं. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "त्यो मला देव म्हनतो गं." आणि गणूकाकाची पावलं वाजली तसे गप्प झाले.

त्याच वर्षी माघात ते गेले. आबांचं ते बोलणं गणूकाकाला सांगायचं की नाही, हा विचार मी त्या सबंध दिवसात कितीदा केला असेन. गणूकाका समोर बांबू बांधत होता, दोरी ओढत होता, मधूनच डोळे पुसत होता, आणि दोनदा मी त्याच्यापर्यंत जाऊन परत आले. मग आबांना उचललं. पुढच्या उजव्या बाजूला गणूकाका. वाटेत माणसं रिवाजाप्रमाणे खांदा बदलायला पुढे आली, पण त्यानं कुणाला जवळ येऊ दिलं नाही, सत्तरीचं ते माणूस ओढ्यापर्यंत तसंच चालत गेलं, असं भिवाभाऊंनी संध्याकाळी येऊन सांगितलं. मी त्यांना पाणी दिलं.